‘भारी आहे मॅडम, एकदा जाऊन या’ : ऑफिसातली शिफारस वाचायची कशी?

पीएचडीला येण्याआधी मी दोन वर्षं चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंग लॅबला होते. एमएस्सी केमिस्ट्री केलेल्या मुलीला जे काम मिळतं तेच: रंगाचा थर किती जाड बसलाय, मिठाच्या फवाऱ्यात किती तास टिकतो, वगैरे. चिंचवडहून कंपनीची बस, आणि गुरुवारची सुट्टी.

गुरुवारची सुट्टी हे बाहेरच्या लोकांना विचित्र वाटतं. पण पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. सगळे कारखाने एकाच वारी बंद राहण्याऐवजी भागाभागाने वेगवेगळ्या वारी बंद राहिले, तर विजेचा भार आठवडाभर त्यातल्या त्यात सारखा वाटला जातो, असा त्यामागचा जुना हिशोब. हा गुरुवार लक्षात ठेवा, पुढे तो परत परत येणार आहे.

तर कंपनीत लागल्यावर पहिल्या महिनाभरात मला सहा जणांनी एकाच मिसळीबद्दल सांगितलं. भोसरी आणि मोशीच्या मध्ये, नाशिक रस्त्याला लागून एक छोटं हॉटेल. सहाही जणांचं वाक्य जवळपास तेच होतं: ‘भारी आहे मॅडम, एकदा जाऊन या. आणि गुरुवारीच जा, गर्दी नसते.’ सहा माणसं, तीन वेगवेगळी डिपार्टमेंट. माझ्यातल्या सायन्सवालीला हा पुरावा भरपूर वाटला. मी गुरुवारी सकाळी दोन बस बदलून गेले. शटर खाली. शटरवर ऑइलपेंटने लिहिलेलं: ‘गुरुवारी बंद.’

दुसऱ्या दिवशी मी सहाही जणांना एकच प्रश्न विचारला. शेवटचं कधी खाल्लंत तिथे? दोघं हसले. एकाने ‘आपण कुठं जातोय, ऐकलंय’ असं सरळ सांगून टाकलं. क्वालिटीतल्या दोघांनी बसमध्ये ऐकलं होतं, बसमधल्याने पेंट शॉपच्या सुपरवायझरकडून आणि सुपरवायझरने स्टोअरच्या काकांकडून. स्टोअरचे काका मात्र खरंच खाणारे होते. पण तीनेक वर्षांपूर्वी. तेव्हा ते जवळच राहायचे आणि गुरुवारी आरामात जाऊन बसायचे, गर्दी नसायचीच. गर्दी का नसायची? कारण त्या हॉटेलाचं निम्मं गिऱ्हाईक कारखान्यांतलं आणि कारखाने गुरुवारी बंद. पुढे मालकाने हिशोब केला आणि स्वतःच गुरुवारी बंद ठेवायला लागला. म्हणजे काकांनी पाहिलेली गोष्ट खरी होती, आणि त्याच खऱ्या गोष्टीमुळे ती नंतर खोटी ठरली.

मला मिळालेल्या सहा शिफारशी सहा नव्हत्याच. एकच होती, जुनी झालेली, आणि तिच्या पाच प्रती.

हे मी आज तुम्हाला का सांगतेय, तर मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, ‘ताई, अमुक गाईडबद्दल सगळे चांगलं म्हणतात, घेऊ का?’ मला लगेच ते शटर दिसलं. गाईड, विषय, पहिला वाचायचा पेपर, कुठला कोर्स करावा, कुठल्या कॉन्फरन्सला जावं, ही सगळी माहिती आपल्याकडे कॅन्टीनमधल्या मिसळीसारखीच येते. त्यामुळे शिफारस हा एक मजकूर आहे असं धरून त्याची जरा चिकित्सा करू या. एखाद्या पेपरची करतो तशीच.

आधी त्या ‘गुरुवारी गर्दी नसते’बद्दल. ही चूक माझ्या फार उपयोगाची होती. समजा सहाही जणांनी फक्त ‘भारी आहे’ म्हटलं असतं, तर कोणी कोणाचं ऐकून सांगितलं हे मला कधीच कळलं नसतं. खरी मतं जुळू शकतात. पण सहा जण एकच चुकीचा तपशील सांगतात तेव्हा ते सहा जण स्वतंत्रपणे चुकले असण्याची शक्यता फार कमी. परीक्षेत कॉपी पकडताना मास्तर बरोबर उत्तरं बघत नाहीत, सारखी चुकलेली बघतात. तेच.

संशोधनात हीच युक्ती सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ साली वापरली. त्यांनी पाहिलं की पेपरांच्या शेवटी संदर्भ लिहिताना लोक पान क्रमांक, खंड क्रमांक चुकवतात. एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४३०० संदर्भ त्यांनी तपासले. त्यातले १९६ चुकीचे होते. पण वेगवेगळ्या चुका किती? फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी आलेली. ७८ माणसांची बोटं एकाच आकड्यावर घसरणार नाहीत. कोणीतरी एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या यादीतून उचललं. यावरून गणित मांडून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ पेपर वाचत असावेत. या अंदाजावर वाद घालता येतो. संदर्भाची ओळ उचलणारा माणूस पेपर वाचलेला असूही शकतो, आळसाने फक्त ओळ कॉपी केली असेल. पण पद्धत सुंदर आहे. तुम्हाला एखादी गोष्ट ‘सगळ्यांकडून’ कळली असेल तर तिच्यात एखादा चुकीचा तपशील शोधा आणि तो कोणाकोणाकडे आहे ते बघा.

आता दुसरा प्रश्न: हे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. इथे मला अभिजित बॅनर्जींचा १९९२चा पेपर आठवतो. हो, तेच, २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर, म्हणून तेव्हा आपल्या पेपरांनी निम्मं नोबेल महाराष्ट्राच्या नावावर मांडलं होतं. पण १९९२चा हा पेपर गरिबीवर नाही, कळपाच्या वागण्यावर आहे, आणि त्यातलं पहिलं उदाहरण चक्क हॉटेलांचं आहे.

शेजारी शेजारी दोन हॉटेलं, अ आणि ब. लोकांचा आधीपासूनचा कल अगदी किंचित अ कडे, म्हणजे ५१ विरुद्ध ४९. शंभर माणसं एकामागून एक येतात. प्रत्येकाकडे स्वतःची थोडीफार खासगी माहिती आहे, आणि आधीचा माणूस कुठे शिरला हे त्याला दिसतं. शंभरातल्या ९९ जणांची खासगी माहिती सांगते की ब चांगलं. एकाचीच सांगते की अ. पण नेमका तोच पहिला येतो आणि अ मध्ये शिरतो. दुसरी बाई येते. तिची माहिती ब कडे बोट दाखवते, पण पहिला माणूस अ मध्ये गेलाय म्हणजे त्याची माहिती अ कडे असणार. दोन्ही एकमेकींना कापतात. मग उरतो तो आधीचा किंचित कल, म्हणून तीही अ मध्ये. आता तिसऱ्याला दुसरीच्या जाण्यातून काहीच नवं कळत नाही, कारण ती तशीही अ मध्येच गेली असती. त्यामुळे तिसरा बरोबर दुसरीच्याच जागी येऊन उभा राहतो आणि तोही अ मध्ये. असं करत शंभरच्या शंभर माणसं अ मध्ये, आणि ब चा मालक माश्या मारतोय. प्रत्येकाने डोकं वापरूनच निर्णय घेतला.

हा पेपर पहिल्यांदा वाचताना ‘किती खरं आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि बघा की सगळी गंमत कुठल्या अटीवर उभी आहे. लोकांना एकमेकांची निवड दिसते, पण त्यामागची माहिती दिसत नाही. ते एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्या बाईने पहिल्या माणसाला थांबवून ‘तुम्ही कशावरून ठरवलंत?’ एवढं विचारलं असतं, आणि पुढच्या प्रत्येकाने तेच केलं असतं, तर पाच-सहा माणसांत ब चं पारडं जड झालं असतं.

कॅन्टीनमध्ये आपण बोलतो. तासन् तास बोलतो. तरीसुद्धा कळपच होतो, ही खरी टीका करण्यासारखी गोष्ट आहे. कारण आपल्या शिफारशीची भाषाच अशी झालीय की तिच्यातून फक्त निवड पुढे सरकते, माहिती मागे राहते. ‘भारी आहे.’ काय भारी आहे? ‘एकदा जाऊन या.’ एकदाच का? तुम्ही दुसऱ्यांदा का गेला नाहीत? ‘फेमस आहे.’ म्हणजे शंभर माणसं अ मध्ये बसलेली आहेत, एवढंच. या वाक्यांना कर्ता नाही. ‘मी खाल्ली, मला आवडली’ असं कोणी म्हणत नाही. मिसळच आपली आपण भारी असते. आणि गंमत म्हणजे हीच भाषा आपण पुढे थीसिसमध्ये आणतो: ‘असे मानले जाते’, ‘सर्वसाधारणपणे आढळते’. कोण मानतं? कोणाला आढळलं?

या दोन वर्षांत मला मिळालेली सगळ्यात चांगली शिफारस परचेसमधल्या एका सिनिअर बाईंची. त्या वेळी मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, मार्च २०२२मध्ये, आमच्या बाजूला फक्त पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी. मी कुठेतरी नाटक बघायचं म्हणत होते. त्या म्हणाल्या, ‘अत्रे रंगमंदिरात जा, संत तुकारामनगरला. पण रात्रीचा प्रयोग घेऊ नकोस, सुटायला साडेबारा होतात, तेव्हा मेट्रो नसते आणि रिक्षावाले मागतील तेवढे द्यावे लागतात. दुपारचा घे. आणि उशीर झालाच तर वायसीएम हॉस्पिटलच्या बाजूने चाल, तिथे रात्रीसुद्धा माणसं असतात. मी मुलीला घेऊन जाते तेव्हा तशीच येते.’

बघा या शिफारशीत काय काय आहे. कोण गेलं होतं, कोणाबरोबर, कुठल्या वेळी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. नाटक कसं होतं हे मात्र त्यांनी सांगितलंच नाही, ते माझ्यावर सोडलं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी निष्कर्ष न देता अटी दिल्या. माझ्या अनुभवात बायकांच्या शिफारशी बऱ्याचदा अशा असतात, आणि त्याचं कारण काही कौतुकाचं नाही. घरी परत कसं यायचं हा विचार ज्यांना जाण्याआधीच करावा लागतो, त्यांच्या सांगण्यात तो आपोआप येतो. आमच्या लॅबमधल्या मुलांनी सांगितलेल्या कुठल्याही जागेत परतीचा रस्ता नसायचा. त्यांच्याकडे बाईक होत्या.

आता एक यादी. कंपनीत बाहेरगावचे ट्रेनी इंजिनिअर यायचे, त्यांच्यासाठी एचआरने सगळ्यांना विचारून एक पानभर यादी केली होती: सुट्टीत काय बघावं, कुठे खावं. नोटीस बोर्डावर कॅन्टीनच्या दाराशी लावलेली. मी जेवणाच्या रांगेत उभं राहून ती इतक्या वेळा वाचलीय की तिच्यावर परीक्षण लिहायचा मला हक्क आहे.

यादीतल्या निम्म्याहून जास्त जागा हॅरिस पुलापलीकडच्या होत्या. म्हणजे पुण्यातल्या. शनिवारवाडा, सारसबाग, लक्ष्मी रोड, कॅम्प. पिंपरी-चिंचवडचं म्हणून काय, तर निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प, सायन्स पार्क आणि दोन मॉल. चाकणचं काहीच नाही. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘इथे काही नाही, पुण्यात जा.’ मला वाटतं त्या यादीतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच. आणि सगळ्यात चुकीचंही.

चाकणच्या कंपनीत बसून शिफारस लिहिणाऱ्यांना चाकणचा किल्ला आठवला नाही. संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेपुढे जवळपास दोन महिने झुंजवलेला भुईकोट. आज तटाचे काही भाग उरलेत, पण आमच्या बस तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये जितका वेळ उभ्या असायच्या तेवढ्या वेळात तो बघून होतो. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर, मार्गशीर्षातला उत्सव. चापेकरांचं चिंचवड. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. आमच्यातले कितीतरी जण त्याच आकुर्डीत राहायचे. ‘इथे नाटकं-बिटकं होत नाहीत’ हे तर मी दर महिन्याला ऐकायचे. अत्रे रंगमंदिर आहे, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, भोसरीला लांडगे नाट्यगृह आहे. २०१६ला एकोणनव्वदावं साहित्य संमेलन पिंपरीत झालं, २०२४च्या जानेवारीत शंभरावं नाट्य संमेलन याच शहरात झालं. मग ‘होत नाहीत’ असं का वाटतं?

गुरुवार! चांगले प्रयोग शनिवार-रविवारी लागतात आणि आमच्या माणसांना सुट्टी गुरुवारी. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी खरंच काही होत नसायचं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, त्यांनी आठवड्यातून एका ठरावीक वारी केलेलं निरीक्षण आठवडाभराचं म्हणून सांगितलं. तुम्ही नदीच्या पाण्याचे नमुने दर गुरुवारी घेतलेत आणि त्या नदीत सांडपाणी सोडणारे कारखाने गुरुवारीच बंद असले, तर तुमची नदी कागदावर जरा जास्तच स्वच्छ दिसेल. नमुना घेण्याचं वेळापत्रक आणि ज्याचा नमुना घेतोय त्याचं वेळापत्रक एकमेकांत अडकलंय का, हे आधी बघायचं असतं. मला हे कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरने इतकं नीट शिकवलं नाही.

पण त्या यादीबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. लोक काय सुचवतात आणि लोक कशासाठी रजा टाकतात, या दोन गोष्टींचा तिच्यात काही संबंधच नव्हता.

लॅबच्या हजेरीचं रजिस्टर काही महिने माझ्याकडे होतं. त्यातून शहर वेगळंच दिसायचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आणि सोमवारी आमच्याकडचे सगळे जळगाव-धुळ्याचे लोक गायब. का? कानबाई. पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेशातून आलेली इतकी माणसं आहेत की कानबाई इथे घराघरात बसते: रविवारी स्थापना, रोटांचा स्वयंपाक, भाऊबंद एकत्र, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. गुरुवारच्या सुट्टीवाल्याला त्यासाठी दोन रजा घालवाव्या लागतात आणि ते घालवतात. चैत्र-वैशाखात खेड-जुन्नर-आंबेगावची पोरं गावच्या यात्रेला आणि बैलगाडा शर्यतीला. शर्यतींवर २०१४ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली. त्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या रजिस्टरला जी भोकं पडली ती बघण्यासारखी होती. ज्या माणसाने यादीत ‘मॉल’ लिहिला होता त्याने मॉलसाठी कधीच रजा घेतली नव्हती.

अर्थशास्त्रात याला जुना आधार आहे. सॅम्युएलसन यांनी १९३८मध्ये मांडलेली कल्पना ढोबळमानाने अशी: माणसाला काय आवडतं ते त्याला विचारू नका, तो खिसा कशासाठी मोकळा करतो ते बघा. इथे खिशाच्या जागी रजा. वर्षाकाठी मोजक्या मिळणाऱ्या रजा तो कशावर खर्च करतो?

मग हेच लोक नव्या माणसाला कानबाईला का पाठवत नाहीत? मला वाटतं, विचारलेला प्रश्न ‘काय बघण्यासारखं आहे?’ असा होता. आणि स्वतःच्या घरातली गोष्ट कोणाला बघण्यासारखी वाटत नाही. ती सुचवायची नसते, तिला बोलवायचं असतं. भडगावच्या एका सहकाऱ्याने मला एकदा घरी बोलवलं तेव्हा ‘भारी आहे’ वगैरे काही म्हणाला नाही. ‘रविवारी घरी या मॅडम, आई वाट बघेल’ एवढंच. ते मी कुठल्या खान्यात भरायचं होतं? सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘शिफारस’ असा रकाना असतो, ‘आमंत्रण’ असा नसतो.

आणि कोणाला विचारलं, हाही प्रश्न आहेच. एचआरने मेल पाठवला होता, म्हणजे ज्यांना कंपनीचा मेल आयडी आहे त्यांनाच. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांना नाही, कॅन्टीनच्या मावशींना नाही, बसच्या ड्रायव्हरला तर नाहीच, जो रोज निगडी ते चाकण हा रस्ता चार वेळा बघतो. ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३चा पेपर तुम्ही पुढे कधीतरी वाचालच, तो आता वाचून टाका. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की ज्याने बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात. वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून ५५.६, क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८. म्हणजे नवी बातमी जवळच्यांकडून कमी येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. लगेच हा आकडा मिसळीला लावू नका. ती फक्त ५४ माणसं होती, अमेरिकेतली, नोकरदार वर्गातली. पण कॅन्टीनमध्ये रोज त्याच टेबलावर बसून आपण एकमेकांना तीच सहा हॉटेलं फिरवून सांगत असतो, हे समजायला तो पुरेसा आहे.

एकदा मी कॉन्ट्रॅक्टवरच्या एका मुलाला बैलगाड्याबद्दल विचारलं. त्याच्या काकांचा गाडा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला नाही आवडणार. लई धूळ असते.’ ही उलटी शिफारस. तिच्यात घाटाबद्दल काही नव्हतं, माझ्याबद्दल होतं, म्हणजे मी त्याला कशी दिसते याबद्दल. मी ‘बरं’ म्हटलं आणि गेले नाही. आज वाटतं जायला हवं होतं.

‘तुला नाही जमणार’ हे वाक्य तुम्हाला येत्या वर्षभरात खूप ऐकू येणार आहे. ‘तो विषय तुझ्यासारख्याला नाही’, ‘त्या लॅबमध्ये इंग्लिश मीडियमवाले असतात’, ‘मुलींनी फील्डवर्कचा विषय घेऊ नये’. धूळ असतेच, नाही असं नाही. पण किती असते हे ज्याने प्रत्यक्ष खाल्ली त्याला विचारा. गाडा हाकणाऱ्यालाच तुमची काळजी वाटत असेल तर ती ऐका, आणि तरी एकदा जाऊन बघा.

आता त्या मुलीचा प्रश्न. ‘सगळे चांगलं म्हणतात.’ सगळे म्हणजे किती असू शकतात? यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्रोफेसरकडे जास्तीत जास्त ८ पीएचडीचे विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे ६, असिस्टंट प्रोफेसरकडे ४. आधी होऊन गेलेले धरले तरी त्या गाईडकडे प्रत्यक्ष काम केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तुम्हाला वीस जणांनी सांगितलं असेल तर त्यातल्या बऱ्याच जणांनी ती मिसळ खाल्लेली नाही. त्यांनी सरांचं व्याख्यान ऐकलं असेल, व्हायव्हाला पाहिलं असेल, किंवा कोणी सांगितलेलं ऐकलं असेल. तो गाईड वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती मिसळही वाईट नव्हती.

मी त्या मुलीला सांगितलं की त्यांच्याकडच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाठ, शक्यतो जिचं काम अर्ध्यात आहे अशा. पहिल्या वर्षाला सगळं गोड असतं आणि थीसिस सबमिट झाल्यावर माणूस उदार होतो. ‘सर कसे आहेत?’ विचारू नकोस, त्याला ‘चांगले आहेत’ यापलीकडे उत्तर येत नाही. तुझा शेवटचा ड्राफ्ट सरांनी किती दिवसांनी परत दिला? प्रयोग फसला तेव्हा काय म्हणाले? फेलोशिप अडकली तर सही कोण करून देतं? सर रजेवर असले की लॅब कोणाच्या ताब्यात असते? आणि मधेच सोडून गेलेलं कोण आहे, त्यांचा नंबर मिळेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. पण जे हॉटेलात परत गेले नाहीत त्यांचं म्हणणं नोटीस बोर्डावर कधीच लागत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते. काही शिफारशी कुजबुजत येतात. एखादी सिनिअर जिन्यात थांबवून म्हणते, ‘त्यांच्याकडे एकटी बसू नकोस.’ ती कारण सांगणार नाही, नाव घेऊ देणार नाही, पुरावा तर नाहीच. वर मी जे काही म्हटलं त्या सगळ्या कसोट्यांवर ही शिफारस नापास होते. तरी ती ऐका. तिच्याकडे माहिती आहे आणि ती उघड करण्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागणार आहे, म्हणून फक्त निवड तुमच्यापर्यंत पोचते. ‘तू स्वतः पाहिलंस का?’ हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. मिसळीची चूक झाली तर गुरुवारची सकाळ जाते. इथे तसं नाही.

तरीही मला विचाराल तर मोबाइलवरच्या चांदण्यांपेक्षा मी कॅन्टीनच्या बाजूची आहे. चांदणी देणाऱ्याला मी उद्या पकडू शकत नाही. स्टोअरच्या काकांना पकडलं. शटरची गोष्ट सांगितल्यावर ते आधी मानेनात, मग ओशाळले, आणि पुढच्या आठवड्यात एक दिवस पहिल्या पाळीला येताना चक्क पार्सल घेऊन आले. स्टीलच्या डब्यात रस्सा, वर्तमानपत्रात फरसाण, पाव वेगळे. मालकाला विचारून आले होते. सुट्टी गुरुवारीच असते, आणि आता मुलगा बसतो गल्ल्यावर.

मिसळ बरी होती. रस्सा तिखट, मटकी कमी, फरसाण डब्यातून येईपर्यंत मऊ पडलेलं. सकाळी साडेसातला, लॅबच्या स्टुलावर, काका समोर उभे असताना खाल्ली. हॉटेलात बसून अजून खाल्लेली नाही.